मुलाने राजधानीतल्या मोठ्या हॉटेलात खोली घेतली आहे. आम्ही जावे का?

प्रश्न : अमळनेर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबातल्या ताईंचे हे पत्र आहे. त्यांचे वय एकोणसाठ, यजमान पासष्टीचे. ओळख पटेल असे तपशील गाळून पत्राचा सारांश देत आहोत.

“आमचा मुलगा दिल्लीजवळ नोएडाला नोकरी करतो आणि दोन मित्रांबरोबर भाड्याच्या घरात राहतो. आम्ही दोघांनी दिल्ली कधी पाहिलेली नाही. येत्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला चाळीस वर्षे होतील. त्यानिमित्त त्याने आम्हाला न विचारता कॅनॉट प्लेसजवळच्या एका देखण्या, महागड्या हॉटेलात तीन रात्रींसाठी खोली घेतली आहे. एका रात्रीचे भाडे २२,००० रुपये आणि वर कर, असे मुलीने मोबाइलवर पाहून सांगितले, तेव्हापासून मला झोप नाही. आमच्याकडे कापूस वेचायला येणाऱ्या बाईला एवढे पैसे मिळवायला अडीच महिने लागतील. यजमान म्हणतात, ‘तठे आपलं काय काम शे?’ (तिथे आपले काय काम आहे?) ते पायजमा, सदरा आणि टोपी घालतात आणि पॅन्ट घालायला तयार नाहीत. मला इंग्रजी येत नाही, हिंदीही मोडकीतोडकी. न्हाणीघरातला नळ कसा सोडायचा इथपासून धास्ती आहे. शिवाय यजमानांचे चुलतभाऊ दिल्लीत उत्तम नगरला राहतात. घर असताना हॉटेलात उतरणार असाल तर आम्हाला तोंड दाखवू नका, असे त्यांनी फोनवर सांगितले. नाही म्हटले तर मुलगा दुखावेल, गेले तर जीव रमणार नाही. काय करावे? आणि गेलोच, तर गावात काय सांगावे?”

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात वरवर पाहता एकच प्रश्न आहे, जावे की न जावे. पण पत्र दोनदा वाचल्यावर मला त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसल्या. एक पैशाची, दुसरी लाजेची आणि तिसरी नात्याची. या तिन्हींना एकत्र उत्तर द्यायला गेले की ‘नको’ म्हणणे सोपे वाटते, कारण नको म्हटले की तिन्ही एकदम मिटल्यासारख्या होतात. म्हणून आपण त्या सुट्या करून पाहू. त्यांतली पैशाची गोष्ट खरी आहे आणि तिचा विचार आकडे मांडूनच करायला हवा. लाजेची गोष्ट मात्र तुमची नाहीच, असे मला ठामपणे वाटते.

आधी आकडे. तीन रात्रींचे भाडे ६६,००० रुपये होते. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू आणि सेवा कराचे दर बदलल्यानंतर रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के कर लागतो. म्हणजे तुमच्या खोलीवर ११,८८० रुपये कर आणि एकूण ७७,८८० रुपये. दोनच रात्री राहिलात, तर हीच रक्कम ५१,९२० रुपये होते. सकाळचा नाश्ता भाड्यात धरलेला आहे की नाही, हे मुलाला आजच विचारा, कारण अशा हॉटेलांत दोघांच्या नाश्त्याचे वेगळे बिल काही हजारांत जाऊ शकते.

कापूस वेचणाऱ्या बाईच्या अडीच महिन्यांच्या मजुरीचा हिशेब तुम्ही स्वतःहून मांडलात, याबद्दल मला तुमच्याविषयी आदर वाटतो. ती टोचणी दाबून टाका, असे मी सांगणार नाही. पण तिच्याबद्दल दोन प्रश्न विचारू द्या. मुलीच्या लग्नात मांडव, जेवणावळ, मानपान आणि आहेर यांवर जो खर्च झाला असेल, तेव्हा हाच हिशेब मनात आला होता का? आपल्याकडे चारचौघांच्या साक्षीने, दुसऱ्यांसाठी केलेला खर्च रीत ठरतो आणि त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. घरातल्या बाईने स्वतःच्या दोन दिवसांच्या विश्रांतीवर केलेला, किंवा तिच्यासाठी कोणी केलेला खर्च मात्र लगेच डोळ्यांवर येतो. दुसरा प्रश्न असा, की तुम्ही ही खोली रद्द केली, तर त्या बाईच्या हातात एक रुपया तरी जास्त पडणार आहे का? वेचणीचा किलोमागचा दर ठरतो तेव्हा तुमचा शब्द चालतो. भर उन्हात वेचणी चालू असताना शेतात पाणी आणि सावलीची सोय आहे का, आजारपणात उचल मिळते का, हे तुमच्या हातात आहे. ही टोचणी जिथे काही घडवू शकते, तिथे तिला घेऊन जा. दिल्लीची खोली रद्द करून ती शमेल, पण तिचे काम झालेले नसेल.

पैशाच्या बाबतीत खरी काळजी वाटते ती मुलाची. त्याने हे पैसे साठवलेल्या पगारातून दिले आहेत की क्रेडिट कार्डावर हप्त्यांनी, हे तुम्हाला माहीत असायला हवे. क्रेडिट कार्डाची थकबाकी राहिली, तर तिच्यावर महिन्याला साधारण तीन ते साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज चढते. सावकाराकडून पैसे घेऊन पेरणी केलेल्या घराला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. विचारताना ‘एवढे पैसे कशाला घातलेस’ असे न म्हणता, ‘यातले किती फेडायचे बाकी आहेत’ एवढेच विचारा. उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर तो विषय तिथेच संपवा आणि पुन्हा काढू नका. उत्तर कर्जाचे आले, तर कौतुक करून, पण स्पष्टपणे सांगा की आम्ही एकच रात्र राहू आणि ती आनंदाने राहू. बहुतेक आरक्षणांत ठरावीक तारखेपर्यंत पैसे न कापता फेरबदल करता येतो. काहींत एकही पैसा परत मिळत नाही. तुमचे आरक्षण यांपैकी कोणते आहे आणि ती तारीख कोणती, हे मुलाकडून आधी समजून घ्या, कारण तारीख उलटून गेल्यावर रात्री कमी करून कोणाचेच पैसे वाचणार नाहीत.

मुलाने हे दिखाव्यासाठी केले, असे तुमच्या पत्रात कुठेही लिहिलेले नाही, पण ती शंका ओळींच्या मागे आहे. तो दोन मित्रांबरोबर राहतो. आईवडील प्रथमच दिल्लीला येणार आणि आपल्याला त्यांना स्वतःच्या घरी नेता येत नाही, ही खंत त्याच्या मनात असणार. मुक्कामाची जागा तरी उत्तम असावी, असे वाटून त्याने ही निवड केली असेल. न विचारता ठरवले, हे मात्र त्याचे चुकले, आणि अशा बेतात असणाऱ्या सर्व मुलामुलींना मी इथेच सांगून ठेवतो, की आईवडिलांना चकित करण्यापेक्षा आधी विचारा. त्यांचे गुडघे, पथ्य, झोपेच्या वेळा आणि उपवास त्यांनाच माहीत असतात, आणि महिनाभर आधी कळलेल्या प्रवासाची तयारी करण्यातही सुख असते.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. ‘तठे आपलं काय काम शे’ हे वाक्य मी हलक्याने घेत नाही, कारण या भावनेला इतिहास आहे. इंग्रजांनी १९११ च्या डिसेंबरात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा केली, १९३१ मध्ये नवी दिल्लीचे उद्घाटन झाले आणि त्याच सुमारास, १९२९ ते १९३३ या काळात, रॉबर्ट टॉर रसेल यांच्या आराखड्यानुसार कॅनॉट प्लेसची पांढऱ्या खांबांची गोलाकार बाजारपेठ उभी राहिली. तिथून जवळच, आजच्या जनपथावर आणि तेव्हाच्या क्वीन्सवेवर, इम्पीरियल हॉटेल १९३६ मध्ये सुरू झाले. ही सगळी रचना साहेबांसाठी, संस्थानिकांसाठी आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी होती. पायजमा-टोपीतल्या शेतकऱ्याने तिथे गिऱ्हाईक म्हणून पाऊल टाकावे, असे ती बांधणाऱ्यांच्या मनातही नव्हते. म्हणून परकेपणाची जी भावना यजमानांना घरबसल्या जाणवते, ती त्यांनी कल्पनेने निर्माण केलेली नाही.

पण त्याच वर्षी आपल्या खानदेशात काय घडले, तेही त्यांना आठवून द्या. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले, ते आपल्या फैजपूरला. पंडित नेहरू अध्यक्ष होते, महात्मा गांधी आले होते, आणि चित्रकार नंदलाल बोस यांनी अधिवेशनाचे टिळकनगर स्थानिक बांबूंतून सजवले होते. देश चालवायला निघालेली माणसे त्या बांबूच्या नगरात राहिली आणि आपल्या माणसांनी त्यांची उठबस केली. पुढे स्वतंत्र भारताने राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहांबरोबर हॉटेलांचाही नाव घेऊन उल्लेख केला, आणि धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला तिथला प्रवेश नाकारता येणार नाही, असे लिहून ठेवले. ज्यांनी त्या घटनेचा मसुदा घडवला, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तरुणपणी बडोद्यातल्या पारशी धर्मशाळेतून जातीपायी बाहेर काढण्यात आले होते. मुक्कामाच्या जागेचा प्रश्न आपल्या देशात किती खोल गेलेला आहे, हे त्यावरून कळते. या कलमात पेहरावाचा शब्द नाही आणि भाडे भरल्याशिवाय खोली मिळत नाही, हेही खरे. पण तुमचे भाडे भरलेले आहे. आणि बोदवडजवळच्या नाडगावात जन्मलेल्या, जळगावात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती म्हणून २००७ ते २०१२ अशी पाच वर्षे त्या राजधानीतल्या ३४० खोल्यांच्या राष्ट्रपती भवनात राहिल्या. त्या वास्तूचे ‘अमृत उद्यान’ दरवर्षी फेब्रुवारीत सर्वांसाठी खुले केले जाते. नोंदणीला पैसे लागत नाहीत. फक्त सोमवारी ते बंद असते, तेवढे दिवस ठरवताना पाहा.

पेहरावाबद्दल सरळ सांगायचे तर स्वच्छ पायजमा, सदरा आणि इस्त्रीची टोपी घालून कोणत्याही मोठ्या हॉटेलात राहता येते, जिन्यावरून, लिफ्टमधून, नाश्त्याच्या दालनातून वावरता येते. टोपी घातलेल्या खासदारांनी दिल्लीतल्या संसदेत दशकानुदशके देशाचे कायदे केले आहेत. एकच सावधगिरी. काही हॉटेलांत रात्रीच्या जेवणाचे एखादे खास दालन किंवा बार असतो आणि तिथे बंद बूट वगैरेंचा नियम असू शकतो. तिथे जायची तुमची इच्छाच नसेल, तर तो नियम तुमच्या वाटेत येत नाही. यजमानांना पॅन्टचा आग्रह मुलाने किंवा मुलीने करू नये, हे मी तुमच्यामार्फत त्यांना सांगतो. पासष्टीच्या माणसाला दोन दिवसांसाठी वेगळा माणूस व्हायला सांगितले, की तो घरीच राहणे पसंत करतो.

आणखी एक गृहीतक तुमच्या पत्रात आहे. कोणी आपली उठबस करायला लागले, की आपण ओशाळे होतो, कारण आपल्याकडे पाहुणचार हा उपकार असतो आणि त्याची परतफेड कधीतरी करायची असते. पाहुण्याला पाट मांडायचा, त्याच्यासाठी खापरावर मांडे करायचे, त्याच्या आधी जेवायचे नाही, हे तुम्ही चाळीस वर्षे केले आहे. उलट बाजूला बसण्याची सवयच तुम्हाला नाही. हॉटेलातली सेवा या व्यवहारातली नाही. सामान उचलणारा, चादर बदलणारी, चहा आणून देणारा, हे सारे आपली नोकरी करत असतात, आणि त्यांतले कितीतरी जण खेड्यांतून शहरात आलेले असतात. त्यांना तुमच्या इंग्रजीशी काही देणेघेणे नाही. मोडकी हिंदी त्यांना पुरते. ‘भैया, यह कैसे चलता है?’ एवढे एक वाक्य येत असले, की नळ, दिवे, पडदे, दूरचित्रवाणी सगळे समजावून मिळते. खोली दाखवायला आलेल्या कर्मचाऱ्याला घाईने निरोप देऊ नका. त्याला थांबवून प्रत्येक बटण आणि प्रत्येक नळ दाखवायला सांगा, आणि त्याच्यासमोर एकदा स्वतः चालवून पाहा. नव्या खोलीत हे इंग्रजी जाणणारी, दहा हॉटेले पाहिलेली माणसेही विचारतात, कारण प्रत्येक ठिकाणचा नळ निराळा असतो.

न्हाणीघराची धास्ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती लाजेची बाब नसून सुरक्षिततेची आहे. संगमरवरी फरशी ओली झाली की घसरते, आणि अंघोळीच्या टबात चढउतार करणे दुखऱ्या गुडघ्यांना धोक्याचे असते. म्हणून मुलाला आठवडाभर आधी हॉटेलला फोन करून तीन गोष्टी मागायला सांगा. टब नसलेली, जमिनीलगत शॉवर असलेली खोली. बादली, मग आणि बसायला स्टूल. आणि फरशीवर टाकायची रबरी चटई. भारतातल्या बहुतेक चांगल्या हॉटेलांत या गोष्टी मागितल्यावर मिळतात, फक्त त्या आपणहून समोर ठेवलेल्या नसतात. गरम पाण्याची बाजू आधी हाताने पाहून मगच पाण्याखाली जा, कारण तिथले पाणी आपल्या बंबातल्या पाण्याइतके हळू तापत नाही.

खोलीला किल्लीऐवजी बहुधा एक कार्ड असते. दाराजवळच्या खाचेत ते ठेवले की दिवे लागतात, काढले की विझतात, आणि दार ओढले की आपोआप कुलूपबंद होते. म्हणून बाहेर पडताना दोघांपैकी एकाने कार्ड घेतल्याची खात्री करावी. राहिलेच, तर खालच्या स्वागतकक्षातून दुसरे मिळते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. खोलीतल्या लहान फ्रिजमधल्या वस्तूंना आणि टेबलावरच्या सुक्यामेव्याला पैसे पडू शकतात. पाण्याच्या ठरावीक बाटल्या आणि चहाचे सामान बहुतेक ठिकाणी विनामूल्य असते, पण पहिल्याच दिवशी विचारून घ्या. कपडे धुवायला देऊ नका, तिथे एका सदऱ्याचे जे घेतात त्यात गावाकडे नवे कापड येईल. घरून नेलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाचे तिखट खोलीत बसून खाल्ले तर कोणी हरकत घेत नाही. एकादशी असेल, किंवा कांदा-लसूण चालत नसेल, तर आदल्या दिवशी सांगितले की स्वयंपाकघर सोय करते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. दोघांचीही आधारकार्डे जवळ ठेवा. एकाच्या ओळखीवर दोघांना खोली मिळत नाही. पोहोचल्यावर बरीच हॉटेले वरखर्चासाठी अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतात आणि निघताना सोडतात. ती तुमच्याकडे मागू नये, यासाठी मुलाने पहिल्या दिवशी स्वतः हजर राहावे, हे उत्तम. बिलात सेवा शुल्क लावलेले दिसले, तर ते ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. बक्षिशीही ऐच्छिक असते. सामान वर आणणाऱ्याला पन्नास-शंभर रुपये दिलेत तर पुरे, आणि निघताना खोली आवरणाऱ्या व्यक्तीसाठी काही ठेवलेत, तर तिच्याबद्दलचा तुमच्या मनातला संकोचही थोडा हलका होईल.

प्रवासाचा एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. जळगावला रात्री थांबणारी मुंबई–हजरत निजामुद्दीन राजधानी, जी जानेवारी २०१९ पासून नाशिक-जळगाव मार्गाने धावते, ती सकाळी दिल्लीला पोहोचते. खोली मात्र दुपारी दोन किंवा तीनला ताब्यात मिळते. रात्रभराच्या प्रवासानंतर झगझगीत दालनात चार तास ताटकळत बसले, की आपण इथले नाही ही भावना आणखी बळावते, आणि ती जागेमुळे नसून थकव्यामुळे आलेली असते. म्हणून लवकर खोली मिळेल का, हे मुलाने आधीच विचारावे. न मिळाल्यास सामान हॉटेलच्या ताब्यात पावती घेऊन ठेवावे, तिथल्याच प्रसाधनगृहात हातपाय धुवावेत आणि बाहेर पडावे.

बाहेर पडून कुठे जायचे, याचे उत्तर त्या जागेच्या बाजूने सर्वांत मोठे कारण आहे. शहराच्या मध्यावर राहिल्याने पायी किंवा रिक्षाने जाण्याजोग्या अंतरावर सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेले जंतरमंतर आहे, अग्रसेन की बावली आहे, बाबा खडकसिंग मार्गावरचे हनुमान मंदिर आहे आणि गुरुद्वारा बंगला साहिब आहे. राजीव चौकाच्या स्थानकात मेट्रोच्या दोन मार्गिका एकत्र येतात. उत्तम नगरहून रोज इंडिया गेटला यायचे म्हटले, तर दिवसाचे दोन-अडीच तास प्रवासातच जातील, आणि दुपारी परत येऊन तासभर पडता येणार नाही. तुमच्या वयात या तासभराची किंमत मोठी आहे.

बंगला साहिबला तुम्ही पहिल्याच दिवशी जावे, असे माझे खास सांगणे आहे. तिथे डोके झाकावे लागते, म्हणजे तुमचा पदर तिथे शोभेल. यजमानांची टोपी चालेल की रुमाल बांधावा लागेल, हे दारातच विचारून घ्या. पंगतीला सर्व जण जमिनीवर एकत्र बसतात, आणि ज्याला इच्छा असेल त्याला स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला बसता येते. कोणी आपली सेवा करत असताना तुम्हाला जी अस्वस्थता वाटते, तिला तिथे काम मिळेल. सकाळी शंभर पोळ्या लाटून दुपारी मऊ गादीवर झोपणे, या दोन्ही गोष्टी एकाच दिवसात बसतात.

नात्याचा प्रश्न मला वाटतो तेवढा कठीण नाही, फक्त तो फोनवर सोडवू नका. ‘घर असताना हॉटेल’ या रागामागे आपण परके ठरलो ही दुखावलेली भावना आहे. पण मुक्काम फुकट असतो, हेही एक गृहीतकच आहे. दोन खोल्यांच्या घरात दोन पाहुणे तीन दिवस राहिले, की त्यांची उठबस तुमच्या जाऊबाईंच्या अंगावर पडते, आणि त्या राहायला बोलावत आहेत की दीरच, हे तुम्ही ओळखू शकाल. यजमानांनी भावाला स्वतः सांगावे, की मुलाने हौसेने ठरवले आहे, त्याचे मन मोडवत नाही, पण एक दिवस संध्याकाळी आम्ही तुमच्याकडे जेवायला येणार आणि रात्री उशिरापर्यंत बसणार. घरच्या डाळीची, कळण्याच्या पिठाची आणि पापड-कुरडयांची पिशवी घेऊन जा. तीनऐवजी दोनच रात्री हॉटेलात राहायचे ठरले, तर तिसरी रात्र त्यांच्याकडे काढता येईल. मात्र दर रात्री जागा बदलू नका, कारण बांधाबांधीत अर्धा दिवस जातो. माझे मत विचाराल, तर दोन रात्री हॉटेलात आणि एक भावाकडे, हा बेत तुमच्या घराला सर्वांत मानवेल.

ज्या वाचकांना दिल्लीला जायचे आहे, पण असे भाडे परवडणारे नाही, त्यांनी मध्यभागी राहण्याचा विचार तेवढ्यावरून सोडून देऊ नये. त्याच परिसरात ७,५०० रुपयांच्या आतली, स्वच्छ आणि साधी हॉटेले मिळतात आणि त्यांवर करही ५ टक्केच लागतो. कस्तुरबा गांधी मार्गावरचे नवे महाराष्ट्र सदन २०१३ पासून सुरू आहे आणि तेही कॅनॉट प्लेसपासून जवळ आहे. तिथे खोली मिळणे उपलब्धतेवर अवलंबून असते, म्हणून चौकशी बरीच आधी करावी. स्थळ मध्यवर्ती असणे आणि खोली डौलदार असणे या दोन वेगळ्या गोष्टींचे पैसे आपण देतो. त्यांतली आपल्याला कोणती हवी, हे घरात बसून ठरवले, की निवड सोपी होते.

गावात काय सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. कोणी विचारले तर मुलाने लग्नाच्या वाढदिवसानिमित्त हॉटेलात ठेवले होते, असे खरेच सांगा. भाड्याचा आकडा सांगायला तुम्ही बांधील नाही, आणि स्वस्त होते असे खोटे सांगायचीही गरज नाही. कापूस वेचायला येणारी बाई विचारील तेव्हा तिला तिथला बगीचा, न्हाणीघर, नाश्त्याची दालने सगळे नीट वर्णन करून सांगा. तिच्यापासून लपवले, तर तिला ते दुसऱ्याकडून कळेल आणि अधिक लागेल.

राहता राहिले यजमान. वर सांगितलेले सगळे एकदम त्यांच्यासमोर मांडू नका. फैजपूरची गोष्ट एका संध्याकाळी निघू द्या, कपड्यांबद्दल कोणी आग्रह करणार नाही हे त्यांना मुलाच्या तोंडून कळू द्या, आणि दिल्लीत काय पाहायचे ते त्यांनाच ठरवू द्या. एवढे करूनही ते मनापासून नाही म्हणाले, तर त्यांना ओढून नेऊ नका. पण म्हणून तुमचेही जाणे रद्द होत नाही. ज्या मुलीने तुम्हाला मोबाइलवर भाडे पाहून सांगितले, ती तुमच्याबरोबर येऊ शकते. खोली दोन व्यक्तींच्या नावे आहे, आणि दुसरे नाव बदलून घ्यायला मुलाला हॉटेलला एक फोन करावा लागेल.